चार नंबरची वाट

मला समन्स आलं, साक्षीदार म्हणून.
सरकारी वकील तरुण होता, नखं नीट कापलेला.
म्हणाला, राउशान आपा, तुम्ही फक्त एवढंच सांगायचं
की चार नंबरची ट्राम आता येत नाही.

बावीस वर्षं मी ती चालवली, अल्माटीच्या चढावर.
डोंगराकडे तोंड करून चढताना कण्हायची,
उतरताना माहेरी निघाल्यासारखी.
शेवटच्या थांब्याशी पॉपलरची झाडं, शेजारी पाट,
पाटातून कधी कुणाच्या बागेतलं सफरचंद वाहत यायचं.
मग गाड्या बंद झाल्या. रूळ उपटून भंगारात घातले.
थांबा तेवढा राहिला. त्याला गिऱ्हाईक नव्हतं.

त्या थांब्यावर पोरं येऊन उभी राहिली.
रविवारी सकाळी, नऊ जण.
घोषणा नाही, फलक नाही, एकाच्या हातात नुसता पाव.
पोलिसांनी विचारलं, काय चाललंय?
अर्दाक म्हणाली,
ट्रामची वाट बघतोय.

त्याआधी त्यांनी अर्ज केले होते, रीतसर, शिक्का मारून.
मदियारला सोडा एवढं म्हणायला
चौकात तासभर उभं राहू द्या,
जाताना कचरा आम्हीच उचलू.
आठ अर्ज, आठ उत्तरं.
कधी फरशी बदलायची होती,
कधी लहान मुलांची सायकल शर्यत.
आठव्या खेपेला झाडांच्या बुंध्यांना चुना लावायचा होता,
आणि चुना ओला असताना माणसांनी जमणं धोक्याचं.
(मी मुद्दाम जाऊन पाहिलं. बुंधे काळेच होते.)

मदियारनं काय केलं होतं म्हणता?
पहिला अर्ज त्याच्या अक्षरात होता.

कोर्टात खिडकी उघडत नव्हती.
काचेमागे नऊ जण दाटीनं बसलेले,
झिबेकच्या चष्म्याला एकच काडी,
ती मान तिरकी करून बघत होती, कोंबडीसारखी,
आणि मला नको त्या वेळी हसू आलं.
न्यायाधीशबाई म्हणाल्या:
तिघांहून अधिक माणसं, हेतू एक, जागा सार्वजनिक,
याला जमाव म्हणतात.
मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, याला रांग म्हणतात.
त्याला बाहेर काढलं.

मला विचारलं, ट्राम येते का?
मी खोटं बोलत नाही.
डेपोत बढती मिळाली नाही ती त्याच गुणापायी.
म्हटलं, येत नाही.
आरोपींना हे माहीत होतं?
त्यांच्या मनातलं मला काय माहीत, बाई.
पण नोकरीत एक पाहिलंय.
थांब्यावर माणूस असला की गाडी थांबते.
माणूस नसला की आम्ही तसेच पुढे जायचो.
असे चार-सहा महिने गेले की वर कुणीतरी हिशेब मांडतं
आणि नकाशातून थांबाच पुसून टाकतं.

टाइप करणारी मुलगी थबकली.
हे लिहायचं का?
नको, बाई म्हणाल्या.

प्रत्येकी पंधरा दिवस.
अर्दाकच्या आईनं बोटांवर मोजलं,
एका हाताची बोटं तीनदा,
जणू तसं मोजल्यानं कमी भरतील.

सोमवारी मी थांब्यावर गेले.
आधी पावाच्या दुकानातली बाई आली,
पिठाचे हात घेऊन.
मग एक विद्यार्थी, ज्याला मी ओळखत नाही.
तिघं झालो. तेवढं चालतं.
चौथा म्हातारा आला तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिलं,
मग तो आपण होऊन रस्ता ओलांडून
समोरच्या थांब्यावर उभा राहिला,
उलट्या दिशेच्या गाडीसाठी.

माझ्या पिशवीत जुनी नोंदवही होती.
डेपोला परत करायची राहून गेली, की मीच केली नाही.
सात चाळीसला मी पेन काढलं.
गाडी: चार. उशीर: पंधरा दिवस.
कारण: इथे जरा थांबले,
मग लिहिलं, रस्त्यात अडथळा.
‘रद्द’ हा रकाना मात्र कोराच ठेवला.
पेन गारठलं होतं, नीट उमटतही नव्हतं.